उणे चारशे तीस

सळई स्वच्छ निघाली. नुसती स्वच्छ नाही, निळसर काळी, कारखान्यातून आली तेव्हा होती तशी. टोकाला मी पंधरा वर्षांपूर्वी कानशीनं मारलेल्या तीन रेघासुद्धा जशाच्या तशा. फोडणाऱ्या काकांनी ती दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "घ्या बाई, ही तर कोरी करकरीत." मग हातोडा भिंतीला टेकवून ते चहाला गेले. त्यांच्या दृष्टीनं काम झालं होतं. बारा ठोकळे होते, सकाळपासून सात फोडून झाले होते. पहिल्या सहांतल्या सळया लाल चिखल होऊन बाहेर आल्या, एक तर हातात घेताच दोन ठिकाणी मोडली. आणि हा सातवा. मी तिथंच उभी राहिले. फुटलेल्या काँक्रीटचा आतला रंग गर्द हिरवा-निळा होता, खोल विहिरीच्या पाण्यासारखा, आणि शेडभर सडक्या अंड्याचा वास सुटला होता. तो वास मी ओळखते. लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षं माझ्या बिछान्याला तो वास होता.

सांगायलाच हवं, नाहीतर कुणाला वाटेल बाईला सळईचं एवढं काय. आमची प्रयोगशाळा सिमेंट तपासते. साध्या सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते, त्यात धूर फार. आमच्या ह्यांनी वेगळं सिमेंट बनवलं होतं: लोखंडाच्या भट्टीतून निघणारी मळी दळायची, त्यात थोडी भाजलेली माती, थोडा चुना. अर्ध्याहून कमी धूर. ताकदीला ते उतरलं, कुणी नाव ठेवू शकलं नाही. प्रश्न होता सळईचा. घर उभं धरणं हे सिमेंटचं एक काम. आतल्या लोखंडाला सांभाळणं हे दुसरं, आणि ते कुणाला दिसत नाही. म्हणून सहा ठोकळे साध्या सिमेंटचे आणि सहा ह्यांच्या सिमेंटचे. प्रत्येकात एक सळई, वर आळं करून त्यात मिठाचं पाणी. पंधरा दिवस भरलेलं, पंधरा दिवस कोरडं. मीठ झिरपत सळईपर्यंत जाणार आणि ती गंजते का ते कळणार. पण आत काय चाललंय ते फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि पंधरा वर्षं फोडायचं नाही असा नियम. तोवर बाहेरून वाचायचं. सळईला एक तार, ठोकळ्यावर ओला स्पंज, स्पंजावर मोरचुदाच्या पाण्याची नळी, आणि मधे मीटर. मीटर आकडा देतो, मिलिव्होल्टमध्ये, उण्यात. भिंतीवर एक तक्ता होता, चौकटीत, काचेखाली: आकडा उणे साडेतीनशेच्या खाली गेला तर दहातल्या नऊ वेळा आत गंज आहे असं समजावं. वाचायचं काम माझं होतं. माझा हात स्थिर आहे, माझं अक्षर चांगलं आहे, आणि मी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

साधे ठोकळे उणे एकशे ऐंशीच्या आसपास. ह्यांचे पहिल्या महिन्यापासून उणे चारशे तीस. सहाच्या सहा. दोन वर्षं मी महिन्याच्या महिन्याला तेच लिहीत होते. ह्यांना तेव्हा सगळे डॉक्टर म्हणायचे. पदवी नव्हती, पण ठोकळ्याला बारकी हातोडी मारून वर कान लावायची सवय होती म्हणून. दोन वर्षं झाल्यावर अहवाल द्यायची वेळ आली तेव्हा हे माझ्या टेबलाशी आले. घरी बोलले नाहीत, टेबलाशी आले, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हणाले, मळीत गंधक असतं, आत हवा पोचत नाही, म्हणून आकडाच मुळात खाली जातो; त्याचा गंजाशी संबंध नाही; तो तक्ता साध्या सिमेंटवरून केलाय, याला लावून चालणार नाही. मी म्हटलं, तक्ता तर एकच आहे. मग ते म्हणाले, "सहा आहेत ना. एक फोडून बघ." मी म्हटलं, नियमात नाही. तेवढंच म्हटलं. त्यांनी माझ्या टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवली, आणि ते गेले.

आता या "नियमात नाही"च्या पोटात काय काय होतं ते माझं मला माहीत. आठ दिवस आधी मी बायकांच्या बाथरूममध्ये आतल्या बाजूला होते आणि बाहेर दोघीजणी बोलत होत्या. एक म्हणाली, नवऱ्याचे ठोकळे बायकोच तपासणार म्हणजे कुंपणानंच शेत खायचं. दुसरी हसली. त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी कधी कुणाचा अर्धा मिलिव्होल्ट इकडचा तिकडे केला नव्हता. तेव्हाच ठरवलं, या दोघींना दाखवतेच. आणि दाखवलं. अहवालात लिहिलं: नव्या सिमेंटमधील सळईस गंज लागल्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक, वापरासाठी शिफारस नाही. खाली माझी सही, ठसठशीत. मोठ्या साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं, सचोटी असावी तर अशी. त्या दोघीही टाळ्या वाजवत होत्या. हे दुसऱ्या रांगेत बसले होते, त्यांनीही वाजवल्या. मला त्या दिवशी किती गोड वाटलं ते कुणाला सांगितलं नाही. दहा वर्षं जेवताना ह्यांचं ऐकत आले होते, हे कसं आणि ते का. मी आपली हं हं करणारी. त्या दिवशी पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा होता. खोटं कशाला बोलू, त्यात तेही होतं.

प्रकल्प गुंडाळला गेला. ह्यांना भांडारात बसवलं, नमुन्यांच्या पिशव्या मोजून द्यायला. वर्षभर दिल्या. मग नोकरी सोडली. आता हे लोकांच्या घरची गळती शोधतात. ओल कुठून येते, पाइप की गच्ची, ते बाथरूमच्या भिंतीवर हातोडी मारून कान लावून सांगतात. हातोडी तीच. लोक गळतीवाले काका म्हणतात. डॉक्टरचे काका झाले. आणि एकदाही, या तेरा वर्षांत एकदाही, ह्यांनी मला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर मी भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. त्याऐवजी ह्यांनी एक किस्सा तयार केला. घरी कुणी नवीन आलं की चहाचा पहिला घोट झाल्यावर सुरू: "आमच्याकडे फार जपून राहावं लागतं बरं का. हिनं मला नापास केलंय. तोंडी नाही, लेखी, सही-शिक्क्यानिशी." मग सगळी गोष्ट, स्वतःची फजिती करून सांगितलेली, मी चष्मा नाकावर ओढून आकडा कसा वाचते त्याची नक्कल, आणि शेवटी, "माझं सिमेंट चुकलं, पण बायको अचूक निघाली!" लोक खो खो हसतात. मीही हसते. आमचा संसार त्या किश्श्यावर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल. मुलगी लहान होती तेव्हापासून ऐकत आली. आता दूर असते, फोनवर विचारते, बाबांनी नवीन कुणाला सांगितलं का.

ठोकळे मात्र मागच्या शेडमध्ये राहिले. प्रकल्प बंद करा असा आदेश आला, वाचन बंद करा असा आला नाही. मग मी वाचत राहिले. नवऱ्याच्या ठोकळ्यांवर तेरा वर्षं मीठ ओतत राहिले. जखमेवर मीठ म्हणतात ते मी नोकरी म्हणून केलं. सातव्या वर्षी साध्या ठोकळ्यांचा आकडा घसरायला लागला, नवव्या वर्षी त्यांना तडे गेले, तड्यांतून तपकिरी पाणी आलं. ह्यांच्या ठोकळ्यांचा आकडा होता तिथंच, उणे चारशे तीस, आणि अंगावर केसाएवढी चीर नाही. आत सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. पंधरा वर्षं आत गंज आणि बाहेर चीर नाही, असं होत नाही. शेंबडं पोरही सांगेल. नोंदवहीत 'तडे' असा रकाना आहे. त्यात मी दर महिन्याला ह्यांच्या सहाही ठोकळ्यांपुढे 'नाही' लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात. दहाव्या वर्षी एक पत्रक आलं, दोन पानांचं: मळीच्या सिमेंटला हा जुना तक्ता लावू नये. मी ते उभ्यानं वाचलं. मग आवक क्रमांक टाकला, भोक पाडलं आणि फाईलला लावलं. त्या संध्याकाळी ह्यांना ताप होता. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि मनात म्हणत होते, आता यांना कशाला त्रास. ताप तीन दिवसांत उतरला. माझं 'आता कशाला' पाच वर्षं उतरलं नाही.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरलेले पाचही फोडून झाले. सगळ्या सळया स्वच्छ. नवी मॅडम येऊन बघून गेली. माझ्या मुलीपेक्षा पाचसात वर्षांनी मोठी असेल, बोलायला गोड. शेड रिकामी करून तिथं नवं यंत्र बसवायचंय तिला. मी म्हटलं, जुना अहवाल चुकला, दुरुस्तीची नोंद करावी लागेल. ती म्हणाली, "अहो, पंधरा वर्षांपूर्वीचा कागद, कोण बघतंय? आकडे आणि प्रत्यक्ष यांत तफावत आढळली, एवढं लिहा. महिनाअखेर निवृत्त होताय, आता नसतं लचांड कशाला मागे लावून घेता." माझ्या भल्याचंच सांगत होती. तफावत. किती नीटनेटका शब्द, त्यात माणूसच नाही. मी म्हटलं, उद्या लिहिते. सातव्या ठोकळ्याची सळई रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली. नमुना घरी न्यायचा नाही असाही नियम आहे. तो मी मोडला, तेरा वर्षं उशिरा.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर, रुमालातून ओल साडीला लागलेली, आणि वास. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. मला मुलीचा दगड आठवला. पाचसहा वर्षांची होती, हे तिच्यासाठी ताकद तपासायला फोडलेल्या ठोकळ्याची एक कपची घेऊन आले होते, हिरवीगार. तिनं ती उशाशी ठेवली. चार दिवसांत हवा लागून रंग उडाला, साधी राखाडी खडी उरली, आणि ती रडत सुटली की बाबांचा दगड मेला. ह्यांनी मांडीवर घेऊन सांगितलं होतं, मेला नाही गं, आत अजून हिरवाच आहे, फोडला तर दिसेल. तिनं फोडा म्हणून हट्ट धरला. ह्यांनी लगेच हातोडी आणली, फोडला, आणि आत खरंच हिरवा होता. लेकीनं मागितलं आणि ह्यांनी फोडून दाखवलं; त्याला दोन मिनिटं लागली. माझा स्टॉप आला तरी मी बसून राहिले, पुढच्या स्टॉपला उतरून चालत मागे आले.

दार ह्यांनीच उघडलं. मी चप्पल काढली. मग म्हणाले, "फोडलेत वाटतं." मी एक शब्द उच्चारला नव्हता. वास आला होता त्यांना. मी पिशवीतून रुमाल काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडला. ह्यांनी चष्मा लावला. सळई उचलून खिडकीच्या उजेडात नेली, अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, तीन रेघांवर थांबला. इतक्या हळुवारपणे ह्यांनी कशालाही हात लावलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मला वाटलं हे हसतील. किंवा रडतील. दोन्हीची मी बसमध्ये तयारी केली होती, काय बोलायचं ते ठरवलं होतं.

"सगळ्या?"

"सहाच्या सहा."

"तडे?"

"नाही."

"कधीच नव्हते?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. फोडायच्या आधी काय कळणार होतं, असं म्हणता आलं असतं. पण पंधरा वर्षांत ह्यांनी माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट होती, आणि पहिलीचं, 'एक फोडून बघ'चं, मी काय केलं ते ह्यांच्या हातात होतं. म्हटलं, "कधीच नव्हते." हे मान हलवत राहिले. मनात हिशेब चालला होता, साधे कधी फुटले असतील, तेव्हा माझे कसे असतील, आणि ते सगळं दर महिन्याला कोण बघत होतं. हिशेबाला ते नेहमीच पटाईत. पत्रकाचं मी बोलले नाही. जीभ रेटली नाही.

सळई परत टेबलावर ठेवून हे खुर्चीत बसले. "तुला काय वाटलं, मला आनंद होईल?" असं म्हणाले, पण रागानं नाही. शेजारी कुणाची तरी पाण्याची टाकी भरून वाहत होती. "मी चुकलो होतो तोवर ठीक होतं गं," हे म्हणाले. "मी स्वतःला समजावलं होतं. चुकतो माणूस. नवरा चुकला, बायकोनं पकडलं, चार लोक हसले, संपलं. आता लोकांना काय सांगू मी?"

मी म्हटलं, मी उद्या लिहून देते, माझी चूक होती म्हणून, सगळं. हे म्हणाले, दे की. आणि उठून हात धुवायला गेले. जेवले नेहमीसारखे. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. नव्हतं.

सकाळी उठून बघते तर सळई मोरीच्या कट्ट्यावर. केव्हातरी ह्यांनी ती धुतली असावी, तशीच ओली ठेवून दिलेली. अंगावर पिवळसर तांबूस साय धरली होती, बोट लावलं तर बोटाला आली. पंधरा वर्षं मिठात राहून जिला काही झालं नाही ती माझ्या स्वयंपाकघरात एका रात्रीत गंजली. आणि ते बघून माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं? बघा, गंजली ना. सुटल्यासारखं वाटलं, अर्धा क्षण, पण वाटलं. मग मला स्वतःची किळस आली. हे आतून दाढीचं पाणी मागत होते.

त्या दिवशी मी लिहिलं. तफावत वगैरे नाही. नोंदवहीच्या शेरा या रकान्यात मावेना म्हणून पान उलटून मागे लिहिलं: आकडे बरोबर होते, तक्ता चुकीचा लावला. एक ठोकळा फोडून पाहण्याची सूचना तेव्हाच झाली होती, ती मी नाकारली. तडे नसल्याचे दिसत असूनही तेरा वर्षे कळवले नाही. पत्रक आले होते, ते वाचूनही कळवले नाही. खाली सही, पहिल्यासारखीच ठसठशीत. मॅडमनं वाचलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, इतकं लिहायची गरज नव्हती हो. वही बंद करून कपाटात ठेवली. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, आणि पुढच्या महिन्यात कुणाकडे असेल ते अजून ठरलेलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवणाऱ्या दोघीही केव्हाच निवृत्त झाल्या.

रविवारी वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, बरोबर त्यांचे भाऊ-भावजय, पाहुणे म्हणून आलेले. भावाच्या घरी भिंतीला ओल येते, जरा काकांना विचारू म्हणून. हे नीट बोलले त्यांच्याशी, कागदावर गच्चीचं चित्र काढून दाखवलं. मी चहा आणला. पहिला घोट झाला. मी कपाकडे बघत होते. ह्यांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. वहिनींना राहवेना. म्हणाल्या, "अहो काका, तो नापासचा किस्सा सांगा ना यांना! मी गाडीत अर्धा सांगितलाय, पण तुमची मजा मला येत नाही." पाहुणे आधीच हसायच्या तयारीत होते. हे माझ्याकडे वळले. चार दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"आज तू सांग," हे म्हणाले.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला सगळं पाठ होतं. खरंही पाठ होतं, परवाच चांगल्या अक्षरात लिहून आले होते. वहिनींचा भाऊ कप बशीवर ठेवून पुढे सरकला. मी चष्मा नाकावर ओढला, हे करून दाखवतात तसा, आणि म्हटलं, "त्याचं काय झालं, ह्यांनी एक सिमेंट बनवलं होतं..." आणि सांगितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जुना होता तस्सा, एक शब्द न बदलता. 'माझं सिमेंट चुकलं'च्या ठिकाणी 'ह्यांचं सिमेंट चुकलं', एवढाच काय तो फरक. पाहुणे खो खो हसले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. हेही हसले.

ते गेल्यावर ह्यांनी कप गोळा केले. "माझ्यापेक्षा बरा सांगतेस," म्हणाले आणि आत जाऊन ते एकेक करून विसळायला लागले.